राजूरवालीची वही

अंबड तालुक्यातल्या ज्या गावात मी विज्ञानाचा शिक्षक म्हणून सहा वर्षं काढली, ते वडीगोद्रीहून आत जाणाऱ्या रस्त्यावर होतं. शाळा एका संस्थेची होती आणि संस्था एका माणसाची. त्यांना आम्ही अध्यक्षसाहेब म्हणायचो. शाळेच्या हापशाचं उद्‌घाटन त्यांनी दोनदा केलं होतं. एकदा पाणी लागलं तेव्हा, आणि एकदा फोटोग्राफर मिळाला तेव्हा. व्हरांड्यातलं घड्याळ त्यांच्या वडिलांच्या स्मरणार्थ लावलेलं होतं. ते बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण त्याखालची पाटी दर पंधरा ऑगस्टला ओल्या फडक्यानं पुसली जायची.

ही गोष्ट नव्वद सालच्या मागच्यापुढच्या एका उन्हाळ्यातली आहे.

पक्षी पाहण्याचा मला नाद होता. अभ्यास म्हटलं की लोक प्रमाणपत्र मागतात, म्हणून नादच म्हणतो. त्या सुमारास जालन्याच्या रद्दीवाल्याकडून एक इंग्रजी मासिक माझ्या हाती लागलं. त्यात लिहिलं होतं की गाणारे पक्षी जोडीनं राहतात, जोडीनं घरटं सांभाळतात, पण घरट्यातली सगळी पिल्लं त्या जोडीतल्याच नराची असतात असं नाही. मादी अधूनमधून शेजारच्या हद्दीत जाऊन येते. अभ्यासकांना हे आता कुठे कळू लागलं होतं. मला ते वाचून गंमत वाटली, आणि आपल्या शाळेत काय चाललंय ते पाहावं असं वाटलं.

शाळेत चिरकांच्या दोन जोड्या होत्या. चिरक म्हणजे चिमणीएवढा पक्षी. नर काळाभोर, खांद्यावर पांढरा डाग, शेपटी कायम वर. मादी मातकट. एका जोडीनं व्हरांड्यातल्या तसबिरीमागे घरटं केलं होतं. ती राजूरच्या गणपतीची मोठी तसबीर होती, वरून पुढे कललेली, त्यामुळे तिच्यामागे भिंतीशी हातभर सांदट तयार झाली होती. दुसरी जोडी मागच्या अंगाला, आष्टीच्या बाजारातून आणलेल्या आणि आता गंजून गेलेल्या तेलाच्या डब्यात राहत होती. नोंदी ठेवायच्या तर पक्ष्यांना काहीतरी म्हणायला हवं. म्हणून तसबिरीमागची मादी झाली राजूरवाली, डब्यातली झाली आष्टीवाली. राजूरवालीचा नर तो नवरा. आष्टीवालीचा नर झेंड्याच्या खांबावर छाती काढून बसायचा आणि सकाळभर एकच सांगणं निरनिराळ्या सुरांत सांगायचा. त्याला मी मास्तर म्हणालो. विनोद माझा मलाच आवडला होता, हे कबूल करतो.

उन्हाळ्यात सकाळची शाळा असायची. मी सहालाच येऊन व्हरांड्याच्या टोकाला खुर्ची टाकून बसायचो. चौथ्या दिवशी मासिकातलं डोळ्यांसमोर घडलं. नवरा बांधावर किडे टिपायला गेलेला. राजूरवाली तसबिरीमागून निघाली, भिंतीला लागून बसकी उडत मागच्या बाभळीखाली गेली. तिथं मास्तर आधीच येऊन बसलेला. पुढचं सगळं तीन सेकंदांत उरकलं. ती पंख झटकून परत आली आणि नवरा आला तेव्हा तसबिरीच्या चौकटीवर चोच घासत बसली होती. त्यानंतरच्या पंधरवड्यात मी हे अकरा वेळा पाहिलं.

तसबिरीमागं पाखरू राहतं, याला माझ्याशिवाय एकच साक्षीदार होती. व्हरांड्याच्या शेवटच्या खोलीत बालवाडी भरायची. अध्यक्षसाहेबांची मोठी सून आपल्या चार वर्षांच्या पोरीला रोज सोडायला यायची. डोक्यावर पदर, नजर खाली. वर्षभरात आमचं एकदाच बोलणं झालं होतं. तसबिरीकडे पाहत तिनं विचारलं होतं, "सर, ते पाखरू फोटोमागं राह्यतं का?" मी म्हणालो, "हो, चिरक आहे." तिनं मान हलवली आणि पोरीला दाखवलं. बस्स.

नोंदी मी पेन्सिलीनं लिहायचो, आणि टाचणवहीत लिहायचो. शिक्षकानं आठवडाभर काय शिकवणार हे ज्या वहीत लिहून मुख्याध्यापकाची सही घ्यायची, ती टाचणवही. संस्थेनं प्रत्येकाला दोन-दोन दिल्या होत्या, दोन्हींना तपकिरी पुठ्ठा. एकीत मी टाचण लिहायचो, दुसरीत पाखरं. पाखरांच्या वहीत कुठेही पाखरू हा शब्द नव्हता. आपण कशाबद्दल लिहितोय ते मला माहीत होतं, वहीला सांगण्याची गरज वाटली नव्हती.

तपासणी जवळ आली होती. दोनदा पुढे ढकललेली ती तपासणी एकदाची ठरली, तेव्हा मुख्याध्यापकांनी सगळ्यांच्या टाचणवह्या गोळा केल्या, एका दुपारात सगळ्यांवर सह्या केल्या आणि गठ्ठा बांधून अध्यक्षसाहेबांच्या घरी पाठवला. साहेबांना तपासणीच्या आधी सगळं नजरेखालून घालायची हौस होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्हरांड्यात बसून पिशवीतून वही काढली. उघडली तर आत टाचण. धातू आणि अधातू.

गठ्ठ्यात पाखरांची वही गेलीय हे कळायला मला थोडा वेळ लागला. तरी तेव्हा नुसता ओशाळलो. साहेब माझे पाखरांचे उद्योग वाचून हसतील, एवढंच मनात आलं.

तेवढ्यात शाळेचा शिपाई आला. पन्नाशीचा, सातवी पास, गावातलं सगळं ठाऊक असलेला माणूस. तो झाडू भिंतीला टेकवून माझ्यापुढे उभा राहिला.

"सर, एक इचारू का?"

"विचारा."

"राजूरवाली म्हंजे कोण, माहीत हाय का तुमाला?"

मी हसलो. "तुम्ही वही वाचली वाटतं."

"वाचली न्हाई. सायकलीवर गठ्ठा बांधताना उघडली गेल्ती." त्यानं मागे वळून कुणी नाही ना ते पाहिलं. "साहेबांची मोठी सून राजूरची हाय, सर. सगळ्या बाया तिला राजूरवालीच म्हन्तेत. लगीन झाल्यापासून."

मी हातातली वही मिटली.

"आन् मास्तर कोण, ते तर मला इचारायची बी गरज न्हाई," तो म्हणाला.

सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारतात हे मला जन्मापासून ठाऊक. माझ्या आईला तिच्या सासरी कुणी नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. पण हे असं म्हणणं बायकांचं, घरातलं, चुलीपाशी चालणारं. बाहेरच्या पुरुषासमोर ते कुणी उच्चारत नाही. मला ती फक्त मोठी सून म्हणून माहीत होती. त्या घटकेला वहीतली एकेक ओळ माझ्या डोळ्यांसमोर येऊ लागली. 'सकाळी ६-२५. राजूरवाली बाहेर पडली. नवरा बांधावर. मास्तर आधीच बाभळीखाली.' 'नवऱ्याला पत्ता नाही.' 'मास्तर आज दोनदा.' आणि शेवटच्या पानावर, 'राजूरवालीला तीन. एक तरी मास्तरचं असावं.'

"पाखरं आहेत ती," मी म्हणालो. माझा आवाज मलाच पटला नाही. "चिरक. त्या तसबिरीमागं बघा."

शिपायानं तसबिरीकडे पाहिलं. त्या वेळी तिथं काहीच नव्हतं, नुसता गणपती होता.

"मला पटलं, सर," तो म्हणाला. "पर मी एकटा म्हंजे गाव न्हाई. आन् राजूरवालीला तीन लेकरं हायेत. ती पोरगी धाकली."

माझे हात गार पडले होते. उन्हाळ्यात हात गार पडतात हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि मला ती लेखकाची थाप वाटली होती.

मी स्वतःसाठी घाबरलो होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण मला फार तर मारतील, नोकरीवरून काढतील, मी जालन्याला आईकडे जाऊन शिकवण्या घेईन. तिचं काय, हा विचार मनात आला आणि जाईना. दोन वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीतली एक सून तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन वडीगोद्रीच्या फाट्यावर उभी होती. बस चुकली. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं तिला स्कूटरवर मागं बसवून आणलं. चौथ्या दिवशी तिच्या भावाला बोलावणं गेलं. भाऊ आला, बैठकीत खाली मान घालून बसला आणि बहिणीला ट्रंकेसकट घेऊन गेला. लेकरं इकडेच राहिली, ते तापलेलं सुद्धा. गल्लीत त्यानंतर तिचं नाव निघालं नाही. तिच्याविरुद्ध तर एका स्कूटरपलीकडे काही नव्हतं. इथं तारीख, वेळ आणि मास्तरच्या हातचं अक्षर होतं.

मुख्याध्यापकांना गाठलं. म्हणालो, "माझी वही चुकून दुसरी गेली, परत मागवता का?"

"चुकून कशी? मी स्वतः सही केलीय," ते म्हणाले. "शेरासुद्धा दिलाय. समाधानकारक."

"वाचून?"

ते दुखावले. "तीस वर्षं सह्या करतोय सर मी. वाचायला लागलं तर सह्या कधी करायच्या?"

तेव्हा 'मास्तर आज दोनदा' याच्याखाली लाल शाईत 'समाधानकारक' आणि शाळेचा शिक्का होता. हसू यायला हवं होतं. आलं नाही.

आता काय करावं, हे कळत नव्हतं. वही वाचली गेली असेल तर लगेच जाऊन खुलासा करायला हवा होता. वाचली गेली नसेल तर खुलासा म्हणजे मीच नेऊन वाचून दाखवणं. 'तुमच्या सुनेबद्दल मी काही लिहिलेलं नाही' हे वाक्य कोणत्या सासऱ्यापुढे कसं म्हणायचं? मी ते खोलीत भिंतीकडे तोंड करून वेगवेगळ्या प्रकारांनी म्हणून पाहिलं. प्रत्येक प्रकारात मी दोषी वाटत होतो.

त्या दिवशी मोठी सून पोरीला सोडायला आली नाही. पोरीला तिची सासू घेऊन आली. दुसऱ्या दिवशीही सासूच. तिसऱ्या दिवशी मी पाणी पिण्याचं निमित्त करून बालवाडीच्या दारापर्यंत गेलो. सासूनं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं कसलं होतं, त्याच्यावर मी दिवसभर विचार केला. रागाचं असेल, ऊन डोळ्यांत गेल्याचं असेल. शिपाई झाडता झाडता माझ्याजवळून गेला आणि हळूच म्हणाला, "काई बातमी न्हाई अजून." त्या 'अजून'नं माझी झोप गेली.

वर्गात मी आम्ल आणि आम्लारी शिकवत होतो. बाहेर जीपचा आवाज झाला की खडू मोडायचा. चिरकांकडे मी बघेनासा झालो. मास्तर खांबावर गात होता. मला त्याला दगड मारावासा वाटे.

शनिवारी मी जालन्याला गेलो नाही. रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून अध्यक्षसाहेबांच्या घरी गेलो. वही चुकली आहे, टाचण पुरं करायचं आहे, बदलून द्या, एवढंच म्हणायचं ठरवलं होतं. हातात खरी टाचणवही होती.

बैठकीत अध्यक्षसाहेब कोचावर होते. त्यांचा मोठा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, खिडकीखाली सतरंजीवर बसून फवारणीच्या पंपाची तोटी तारेनं साफ करत होता. अंगानं रुंद, बोलायला कमी. कपाटावर वह्यांचा गठ्ठा होता. सुतळी सुटलेली होती.

"या सर, या. बराबर टाइमावर आलात," साहेब म्हणाले. "तपासणीला मी दोन शब्द बोलणार हाय. बघा जरा." ते कधीच दोन शब्द बोलत नसत. त्यांनी कागद डोळ्यांपुढे धरला आणि घसा साफ केला. शीलाचं महत्त्व, संस्काराची शिदोरी, आणि मग: "पाखरांकडून शिका. एकदा जोडी जमली की जलमभर. दुसऱ्याच्या घरट्याकडं नजर न्हाई. पाखराला कळतं ते मानसाला कळंना." त्यांनी कागद खाली केला. "सायन्सचे सर तुमी. बराबर हाय ना?"

खिडकीखाली तार तोटीतून आत-बाहेर होत होती.

"बराबर आहे," मी म्हणालो. आयुष्यात विज्ञानाबद्दल मी एवढं धडधडीत खोटं दुसऱ्यांदा बोललेलो नाही.

"बिलकुल," साहेब म्हणाले.

"सर," मुलगा वर न बघता म्हणाला, "तुमची वही सापडना म्हनं."

"कसली?"

"टाचणाची. शिपाई सांगत व्हता. लई भिऊन राह्यलेत सर, म्हन्ला."

"भिऊन नाही. दुसरीच वही आली इकडे. हीच खरी." मी हातातली पुढे केली. त्यानं ती घेतली नाही.

"मंग त्या वहीत काय व्हतं?"

"निरीक्षणं. शाळेतल्या..."

"मामंजी," आतल्या दारातून आवाज आला. दाराच्या चौकटीत पदराची कड तेवढी दिसत होती. "सरांची वही व्हय? ती पोरीनं नेल्ती खेळायला. खोडरबर घासत बसली व्हती सगळीकडं. म्या काढून ठिवली."

खिडकीखालची तार तोटीतच थांबली.

"आण हिकडं," नवरा म्हणाला.

ती बाहेर आली. तोंडावर मारल्याची खूण नव्हती. पहिल्यांदा मी ते पाहिलं, आणि ते पाहण्यासाठी आपण तिच्याकडे पाहिलं, हे नवऱ्यानं पाहिलं असेल या भीतीनं नजर खाली घातली. तिनं वही नवऱ्याच्या हातात दिली आणि पुन्हा चौकटीशी जाऊन थांबली. आत गेली नाही.

त्यानं हात पायजम्याला पुसले, वही उघडली. मध्यावरच. वाचायची त्याला सवय नसावी, शब्दावर शब्द ठेवत तो वाचू लागला.

"'सकाळी सहा पंचवीस. पाखरू बाहेर पडली. नवरा बांधावर. मास्तर आधीच बाभळीखाली.'"

पाखरू. मी ऐकत राहिलो. जिथं मी राजूरवाली लिहिलं होतं, तिथं तो पाखरू वाचत होता.

"पाखरू पडली?" तो थांबला. "पाखरू पडलं पायजे ना, सर?"

"घाईत लिहिलं," मी म्हणालो.

"मराठीचे सर न्हाईत ते," अध्यक्षसाहेब हसले. "सायन्सचे हायेत."

नवरा हसला नाही. "हे मास्तर कोण?"

"तेही पाखरूच. नर आहे. झेंड्याच्या खांबावर बसतो."

"पाखराला मास्तर म्हन्ता?"

"फार बोलतो म्हणून."

"मंग आत्ताच बराबर हाय म्हन्लात, एकदा जोडी जमली की जलमभर. हितं तर दोन नर हायेत."

"कधी कधी," मी म्हणालो, "होतं असं."

"कधी कधी," तो म्हणाला. पान उलटलं. आणखी एक. बोट एका जागी ठेवलं. "आन् हितं कागद घासलाय कशानं?"

"पोरीनं," चौकटीतून ती म्हणाली. आवाज सपाट होता.

त्यानं ते पान हातात धरलं, मान वळवली आणि खिडकीच्या उजेडासमोर नेलं. बाहेर ऊन तापायला लागलं होतं. पान लालसर उजळलं. तो बराच वेळ तसा बसला. ती चौकटीला हात लावून उभी होती, आणि तिची बोटं पांढरी झाली होती.

मग त्यानं वही मिटली, माझ्याकडे दिली आणि पंपाची तोटी पुन्हा हातात घेतली. "न्या," म्हणाला.

"चहा ठेव गं सरांना," अध्यक्षसाहेब म्हणाले.

चहा प्यायलो असेन. आठवत नाही.

खोलीवर येऊन दार लावून वही उघडली. तिला सुवासिक खोडरबराचा वास येत होता, लहान मुलांच्या दप्तरात असतो तसल्या. प्रत्येक राजूरवाली खोडून त्याजागी जपून, गोल अक्षरात 'पाखरू' लिहिलेलं होतं. एकसुद्धा सुटली नव्हती. मी मोजलं, त्रेसष्ट जागा. क्रियापदांना मात्र हात लागलेला नव्हता. पाखरू गेली, पाखरू बसली, पाखरूला तीन. मास्तरही तसाच ठेवलेला होता. मास्तरनं आपलं आपण बघावं असा त्याचा अर्थ असेल, किंवा तिच्यापाशी तेवढा वेळ नसेल. गठ्ठा घरात आला त्याच दिवशी तिनं वही चाळली असणार, तिनं ती सगळ्यांच्या आधी उचलली असणार, आणि ते तीन दिवस ती घरातल्या कोणत्या कोपऱ्यात बसून हे करत होती ते तिलाच ठाऊक. तसबिरीमागचं पाखरू तिनं एकदा पाहिलं होतं, म्हणून तिला उलगडा झाला. पण पहिली ओळ वाचली तेव्हा तिला काय झालं असेल, याचा विचार मी पुरता करू शकत नाही. माझी भीती दुसरा माणूस वाचेल ही होती. तिनं तर स्वतःच वाचलं होतं.

सुटलो, असं मला साधारण तासभर वाटलं. मग मी ते पान शोधलं, जे त्यानं उजेडाला धरलं होतं. खिडकीशी गेलो आणि धरून पाहिलं.

मी पेन्सिल दाबून लिहितो. 'पाखरू'च्या खाली 'राजूरवाली' स्वच्छ वाचता येत होतं.

त्यानं वाचलं होतं. किंवा त्याला वाचायला वेळ लागतो, म्हणून अर्धंच वाचलं होतं. किंवा उजेडानं डोळे दिपले होते. मी ते पान इतक्या वेळा धरून पाहिलं की शेवटी ते फाटलं.

सोमवारी ती पोरीला घेऊन आली. माझ्याकडे बघितलं नाही. तसबिरीखालून जाताना पोरीच्या वेणीची रिबीन सारखी करायला वाकली आणि पोरीला सांगावं तसं खाली बघूनच म्हणाली, "पाखराला पाखरूच म्हनावं." पोरगी "का?" म्हणाली. तिनं रिबीन घट्ट ओढली.

त्यानंतर मी रोज तिची वाट पाहिली, आणि वाट पाहतोय हे दिसू नये म्हणून पाठ करून बसलो. तिचं येणं मी पोरीच्या आवाजावरून ओळखायचो. मंगळवारी आली, बुधवारी आली. तपासणी झाली. अध्यक्षसाहेबांनी पाखरांचं ते वाक्य म्हटलं, टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. नेमकं त्याच वेळी साहेबांच्या डोक्यावर खांबाच्या टोकाला मास्तर शेपटी वर करून बसला होता.

तसबिरीमागे पिल्लं निघाली होती. नवरा चोच भरभरून किडे आणायचा. तीन चोची उघडायच्या, तो तिन्ही भरायचा.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी पोरीला सोडायला ती आली नाही, सासूही आली नाही. तिचा नवरा आला. पोरगी धावत आत गेली. तो व्हरांड्यातच थांबला, मी बसलो होतो तिथं, तसबिरीकडे बघत. नर आला, तसबिरीच्या काठावर बसला, मागे गेला, बाहेर पडला.

"ह्यो कोण?" तो म्हणाला. "मास्तर का नवरा?"

"नवरा," मी म्हणालो.

"चारा आणून राह्यला."

"हो."

"त्याला ठाऊक न्हाई?"

"सांगता येत नाही," मी म्हणालो. हे खरं होतं. मासिकातही तसंच लिहिलं होतं.

नर पुन्हा आला. पाखरू आत जाईपर्यंत तो बघत राहिला. मग चप्पल पायात सरकवत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "ती राजूरला गेलीय. भावाचं लगीन हाय."

आणि निघून गेला.

लग्नसराई होती. भावाचं लग्न असू शकत होतं. सोबत ट्रंक नेली का एक पिशवी, हे मी शिपायाला विचारू शकलो असतो. शिपाई वीस पावलांवर घंटेशी उभा होता. मी विचारलं नाही. दुपारी खोली रिकामी केली, बसनं जालन्याला आलो आणि सुट्टीतच दुसऱ्या शाळेत जागा मिळवली. राजीनाम्यात प्रकृतीचं कारण लिहिलं. अध्यक्षसाहेबांनी त्यावर दोन ओळींत माझ्या सेवेचा गौरव केला.

दहा-अकरा वर्षं गेली. वही अजून माझ्याकडे आहे. पक्ष्यांना मी आता आकडे देतो, एक, दोन, तीन. त्या नोंदी कुठं छापायला द्याव्यात असं काही जणांनी सुचवलं. मी दिल्या नाहीत.

एकदा कामानिमित्त पैठणकडे जाताना वडीगोद्रीच्या फाट्यावर बस थांबली तेव्हा मी खाली उतरलो. चहाच्या टपरीवर शिपाई बसला होता, म्हातारा झालेला, निवृत्त. त्यानं मला आधी ओळखलं. शाळेला स्लॅबचं छत झालं, व्हरांडा नवा झाला, साहेब आता अंथरुणावर असतात, असं सगळं त्यानं सांगितलं. तसबीर आता ऑफिसात लावलीय म्हणाला. मी विचारायच्या गोष्टी विचारत राहिलो. कंडक्टरनं घंटी दिली. तेव्हा मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"आणि त्यांची मोठी सून?" मी म्हणालो. "आहे ना?"

शिपायानं कपबशी खाली ठेवली.

"कोण, राजूरवाली? हाय की. बालवाडी तीच चालवती आता." मग तो माझ्याकडे वळला. "पर तुमाला कशाला पायजे, सर?"

"काही नाही," मी म्हणालो. "सहज."

मी बसमध्ये चढलो. खिडकीशी बसलो तेव्हा माझे हात गार होते. बस सुटेपर्यंत तो माझ्याकडेच बघत होता, आणि त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाला काहीतरी सांगत होता.